स्तनाचा कर्करोग : संकोच, उशीर आणि आपली खरेदी

(संस्थेच्या वार्षिक माता-पालक मेळाव्यात एका डॉक्टर भगिनीने दिलेले व्याख्यान)



 विषय कोणता घेऊ असे मी विचारले, तेव्हा चिटणीससाहेब म्हणाले, "आरोग्यावर काहीही बोला." मी विषय सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बोला. पण सभागृहात पुरुषमंडळीही असतील." मी म्हटले, "म्हणूनच बोलायचे आहे."

ह्या आजाराचे नाव घेताना आपल्या घरांत आवाज खाली जातो. पोटाचे दुखणे सांगता येते, दातांचे सांगता येते. स्तनात गाठ लागते हे मात्र "छातीत जरा दुखते" एवढ्यावरच थांबते. मग डॉक्टर हृदय तपासतात, औषध लिहून देतात आणि खरी गोष्ट जशी आली तशी घरी परत जाते. तीस वर्षांहून अधिक काळ मी दवाखाना चालविते आहे. अशा परत गेलेल्या गोष्टी मी पुष्कळ पाहिल्या. पण पहिली पाहिली ती माझ्याच घरात.

१९८४ साली मी अकरावीत होते. माझी मोठी खाला आमच्याच गावात राहत असे. खालू कुवेतला नोकरीला. घरात तीन मुली. थोरलीचे लग्न मे महिन्यात ठरले होते आणि लग्नाची सारी खरेदी खालाच्या अंगावर होती. कॉलेज सुटले की पिशव्या धरायला मी तिच्याबरोबर जाई. कापडवाल्याकडून सोनाराकडे, सोनाराकडून भांड्यांच्या दुकानात. किती फेऱ्या झाल्या ह्याला गणती नाही. बाजाराच्या वाटेवरच दवाखाना होता. त्याच्या पायरीजवळून आम्ही रोज जात होतो. पायरी मात्र एकदाही चढलो नाही.

लग्न थाटात पार पडले. पाहुणे गेले, मांडव उतरला, पाऊस सुरू झाला. एके दिवशी खाला माझ्या आईला म्हणाली, "बघ ग, इथे हाताला काहीतरी लागते." आईने विचारले, "कधीपासून?" खाला म्हणाली, "भातकापणीच्या दिवसांत आंघोळ करताना पहिल्यांदा लागली. तेव्हा वाटाण्याएवढी होती. दुखत नव्हती. म्हटलं, आधी लग्न उरकू दे. मुलीच्या सासरच्यांच्या कानावर गेलं असतं तर?"

वाटाण्याएवढी गाठ आता लिंबाएवढी झाली होती आणि काखेत दुसरी आली होती. तिला मुंबईला नेले. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले. डॉक्टरांनी काही कसूर केली नाही. दोन वर्षांनी खाला गेली. नातवाला तिने मांडीवर घेतले, त्याला चालताना पाहायचे राहिले.

माझी खाला अडाणी नव्हती. सातवीपर्यंत शिकलेली, हिशेबाला पक्की, कुवेतहून आलेल्या पैशांची पै न् पै तिने वहीत मांडलेली असे. त्या वहीत घरातल्या प्रत्येकाच्या नावावर खर्च होता. तिच्या स्वतःच्या नावावर काही नव्हते. आणि तिच्याबरोबर रोज चालणारी आम्ही माणसे, "तुझी तब्येत कशी आहे" असे तिला विचारण्याची सवय आम्हांलाही नव्हती. दोष द्यायचाच तर ह्या दोन सवयींना द्यावा लागेल.

आता आजाराविषयी थोडे सविस्तर सांगते.

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी जातात, नव्या येतात आणि हे काम ठराविक शिस्तीने चालते. काही पेशींची ही शिस्त बिघडली की त्या बेसुमार वाढू लागतात व त्यांची गाठ तयार होते. ती आधी स्तनातच असते. पुढे काखेतल्या ग्रंथींत जाते आणि त्यानंतर रक्तावाटे हाडे, फुप्फुसे, यकृत अशा दूरच्या अवयवांत पोहोचते. पहिल्या टप्प्यावर सापडली तर बहुतेक रुग्ण बऱ्या होतात. शेवटच्या टप्प्यावर सापडली तर उपचारांनी आयुष्य वाढविता येते, त्रास कमी करता येतो, पण आजार मुळासकट काढता येणे दुरापास्त होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना हा आजार झाला आणि सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. त्याच वर्षी भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची आणि सुमारे ९८ हजार मृत्यूंची गणती झाली. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज ह्याचाच क्रमांक पहिला आहे. हे आकडे शेजारी ठेवून पाहा. एका वर्षातले नवे रुग्ण आणि त्याच वर्षातले मृत्यू ही एकाच व्यक्तींची मोजदाद नव्हे हे खरे. तरीही जगात दहा नव्या रुग्णांमागे तीन मृत्यू पडतात आणि आपल्याकडे पाच, ही तफावत डोळ्यांआड करण्यासारखी नाही. गाठ तीच, औषधेही बव्हंशी तीच. आपल्याकडे निदानाला उशीर होतो आणि उपचार अर्धवट राहतात, ही ह्या तफावतीची दोन मोठी कारणे आहेत.

हा आजार कोणाला होतो? वय वाढते तशी शक्यता वाढते. मात्र पाश्चात्य देशांच्या तुलनेने आपल्याकडच्या रुग्णांत तरुण स्त्रिया अधिक दिसतात. आई, बहीण किंवा मुलीला हा आजार झाला असेल तर अधिक सावध राहावे. पण शंभरांपैकी पाच ते दहा रुग्णांतच तो आनुवंशिक दोषामुळे आलेला असतो. म्हणून "आमच्या घराण्यात नाही" ह्या भरवशावर कोणी राहू नये. पाळी लवकर सुरू होणे आणि उशिरा थांबणे, पाळी थांबल्यावर वजन वाढणे, मद्यपान, ह्या गोष्टींनी धोका वाढतो. बाळाला अंगावर पाजल्याने तो काही अंशी कमी होतो. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तो कोणाच्या नजरेने होत नाही, घट्ट कपड्यांनी होत नाही आणि कोणत्या पापाची शिक्षा म्हणूनही येत नाही. पुरुषांनाही तो होतो. प्रमाण फार थोडे, शंभरात एखादा, पण छातीवर गाठ आली तर पुरुषानेही दाखविली पाहिजे.

भगिनींनो, लक्षणे नीट ऐका. स्तनात किंवा काखेत नवी गाठ किंवा घट्टपणा. एका स्तनाच्या आकारात झालेला बदल. कातडीवर खळगा पडणे, किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे. बोंड आत ओढले जाणे. बोंडातून आपोआप पाणी किंवा रक्त येणे. बोंडावर न भरणारी खरूजेसारखी जखम. ह्यांपैकी एक जरी दिसले तरी डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीची गाठ पुष्कळदा दुखत नाही. आपण दुखण्याची वाट पाहतो, इथेच फसतो. अंगावर पाजणाऱ्या आईला गाठ लागली की "दूध साकळले आहे" म्हणून सोडून दिले जाते. बहुधा ते खरेही असते. पण दोन आठवड्यांत ती गेली नाही, तर दाखवायलाच हवे.

आणि घाबरू नका. स्तनातल्या दहा गाठींपैकी बहुतेक कर्करोगाच्या नसतात. काही पाण्याच्या असतात, काही तरुण मुलींत आढळणाऱ्या साध्या गाठी असतात. पण कोणती कोणत्या प्रकारची, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी ठरवायचे नाही. ते तपासणीने ठरते.

महिन्यातून एकदा, पाळी सुरू झाल्यापासून आठवड्याभराने, आंघोळीच्या वेळी बोटांच्या पेरांनी दोन्ही स्तन व काखा चाचपून पाहाव्यात आणि आरशासमोर उभे राहून बदल दिसतो का ते न्याहाळावे. पाळी थांबलेल्यांनी महिन्याची एक तारीख ठरवून घ्यावी. मात्र एवढ्यानेच काम भागते असे मी सांगणार नाही. चीनमध्ये शांघाय येथे कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार स्त्रियांवर ह्याचा मोठा अभ्यास झाला. निम्म्या स्त्रियांना स्वतः तपासण्याचे शिक्षण दिले होते. २००२ साली त्याचा अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाला : केवळ अशा शिक्षणाने मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. ह्याचा अर्थ स्वतःकडे पाहू नये असा नाही. आपले अंग आपल्याला ओळखीचे असावे, म्हणजे बदल लवकर कळतो. पण बदल कळल्यावर पाय दवाखान्याकडे वळले पाहिजेत, आणि जाणत्या हातांनी केलेली तपासणी वेळोवेळी झाली पाहिजे.

ह्या जाणत्या हातांची महती आपल्या मुंबईने जगाला दाखवून दिली आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, स्त्रियांचे स्तन हाताने तपासत. बाकीच्या वस्त्यांत आजाराची माहिती देण्यात आली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापून आला. तपासणी झालेल्या वस्त्यांत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत ह्या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये असा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ह्या तपासणीला मोठे यंत्र लागले नाही. शिकविलेला हात लागला, आणि दार उघडणारी घरधनीण लागली.

सरकारने २०१६ साली आखलेल्या कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी सरकारी आरोग्य केंद्रांत करायची आहे. ती विनामूल्य आहे. परिचारिका करते, पडद्याआड करते, पाच-दहा मिनिटांत होते. लाजेचे कारण पुढे करणाऱ्यांना मी विचारते, बाळंतपणाच्या वेळी आपण सुईणीला आणि डॉक्टरला जवळ येऊ दिलेच ना? जीव जन्माला घालताना जी लाज आड आली नाही, ती जीव वाचविताना आड येऊ देऊ नये.

गाठ संशयास्पद वाटली तर पुढे तीन पायऱ्या असतात. डॉक्टर हाताने तपासतात. मग मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा खास क्ष-किरण फोटो, किंवा सोनोग्राफी होते. तरुण स्त्रियांचे स्तन घट्ट असल्याने त्यांच्यात मॅमोग्राफीत गाठ लपू शकते, तिथे सोनोग्राफी उपयोगी पडते. तिसरी पायरी सुईची. सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. "सुई टोचली की आजार पसरतो" असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. सुईशिवाय निदान पक्के होत नाही, आणि निदानाशिवाय योग्य उपचार होत नाही.

दुसरी भीती स्तन गमावण्याची. पूर्वी बहुतेकींचा संपूर्ण स्तन काढीत. इटलीतील मिलान येथे आणि अमेरिकेत झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. लहान गाठ असेल तर तेवढाच भाग काढून नंतर किरणोपचार दिले, तरी आयुर्मान संपूर्ण स्तन काढल्याइतकेच राहते, असे त्यांत दिसले. म्हणजे लवकर गेलेल्या स्त्रीचा जीव वाचतो आणि पुष्कळदा स्तनही वाचतो.

जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांपुढे एक उद्दिष्ट ठेवले : स्त्रीने प्रथम गाठ दाखविल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे. माझ्या खालाने दाखवायलाच आठ महिने लावले. संघटनेचे ६० दिवस दवाखान्याच्या दारापासून मोजले जातात. घरापासून दवाखान्याच्या दारापर्यंतचे दिवस कोणी मोजत नाही. ते आपल्याला मोजायचे आहेत.

खर्चाची चिंता खरी आहे. पण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि ओळखीची कागदपत्रे घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जावे आणि तेथील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. आजार लवकरच्या टप्प्यावर असला तर उपचारही बहुधा थोडक्यात आटोपतात. उशीर जिवाला महाग पडतो, तसाच खिशालाही.

आता माझ्या विषयाचा दुसरा भाग, खरेदी.

विद्यार्थिनींपैकी काहींनी पाहिले असेल, ऑक्टोबर महिना आला की दुकानांत गुलाबी फितीचे चित्र असलेल्या वस्तू दिसू लागतात. "ही वस्तू घ्या आणि स्तनाच्या कर्करोगाविरुद्धच्या कार्याला हातभार लावा" असे त्यांवर लिहिलेले असते. ऑक्टोबर हा जागृतीचा महिना पाळण्याची प्रथा अमेरिकेत १९८५ साली सुरू झाली. फितीची कथा त्यानंतरची, आणि ती ऐकण्यासारखी आहे.

कॅलिफोर्नियात शार्लट हेली नावाच्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांच्या आजीला, बहिणीला आणि मुलीला हा आजार झालेला. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी घरी बसून फिकट नारिंगी रंगाच्या फिती तयार केल्या आणि एका कार्डावर पाच-पाच फिती लावून त्या वाटल्या. राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अंदाजपत्रकातला केवळ पाच टक्के पैसा प्रतिबंधावर जातो, तेव्हा लोकप्रतिनिधींना जागे करा, अशा आशयाचा मजकूर कार्डावर होता. १९९२ साली एका मोठ्या मासिकाने व प्रसाधनांच्या कंपनीने ही फीत आपल्या मोहिमेसाठी मागितली. हा धंद्याचा मामला होईल म्हणून हेलीबाईंनी नकार दिला. तेव्हा रंग बदलण्यात आला आणि गुलाबी फीत जगभर गेली. फितीमुळे आजाराचे नाव लोक उघडपणे घेऊ लागले, हा तिचा मोठा गुण. पण हेलीबाईंच्या कार्डावरचा प्रश्न, पैसा कोठे जातो, तो मात्र मागे पडला.

त्याच दशकात अमेरिकेतल्या एका दह्याच्या कंपनीने जाहीर केले की डब्यांची गुलाबी झाकणे धुऊन टपालाने पाठवा, झाकणांच्या हिशेबाने आम्ही देणगी देऊ. झाकणे लाखांनी जमली. देणगीवर मात्र १ लाख डॉलरची मर्यादा आधीच घातलेली होती. पुढे ही योजना दर झाकणामागे दहा सेंट ह्या दराने चालली. आता विद्यार्थ्यांनी हिशेब करावा. एखाद्या बाईने रोज तीन डबे, असे चार महिने दही खाल्ले तर देणगी होते ३६ डॉलर! तेवढी रक्कम तिने सरळ पाकिटात घालून पाठविली असती तर? काही ठिकाणी तर मद्याच्या बाटल्यांवरही गुलाबी फीत झळकली. ज्या मद्याने ह्याच आजाराचा धोका वाढतो, त्याच्याच बाटलीवर! असे प्रकार पाहून सॅन फ्रान्सिस्कोतल्या ब्रेस्ट कॅन्सर अ‍ॅक्शन ह्या संघटनेने २००२ साली ग्राहकांना "गुलाबी घेण्यापूर्वी विचार करा" असे सांगणारी चळवळ सुरू केली.

मग खरेदीतून मदत होतच नाही का? होते, आणि चांगली होते. त्याच अमेरिकेतले दुसरे उदाहरण पाहा. २९ जुलै १९९८ रोजी तेथील टपाल खात्याने स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी एक तिकीट काढले. त्या वेळी साध्या पत्राला ३२ सेंटचे तिकीट लागे, हे ४० सेंटला होते. वरचा पैसा कोणाला आणि कोणत्या प्रमाणात द्यायचा हे कायद्यानेच ठरविले होते : ७० टक्के राष्ट्रीय आरोग्य संस्थांना, ३० टक्के संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधनाला. पुढच्या दोन दशकांत अशी शंभर कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली आणि संशोधनाला सुमारे ९ कोटी डॉलर रक्कम मिळाली. पत्र तर पाठवायचेच होते. चार पैसे जास्त देताना ते कोठे जातात हे घेणाऱ्याला ठाऊक होते.

आपल्यालाही ही रीत परकी नाही. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, २ ऑक्टोबरच्या सुमारास शाळेत क्षयरोग-निवारणाची रंगीत तिकिटे विकायला येत. भारतीय क्षयरोग संघटनेची ही मोहीम १९५० पासूनची. आम्ही खाऊचे पैसे देऊन ती घेत असू आणि वह्यांवर चिकटवीत असू. कर्करोगाच्या क्षेत्रातही मुंबईत १९५१ साली स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी आणि १९६९ सालची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ह्यांनी पुनर्वसनाचे काम उभे केले. तेथे रुग्ण आणि त्यांचे नातलग हाताने वस्तू तयार करतात. ती वस्तू विकत घेतली तर मोबदला कष्टाच्या हाताला पोहोचतो. दयेचा पैसा घेताना मान खाली जाते, कष्टाचा घेताना जात नाही.

जकात देताना आपण विचारतो, घेणारा हक्कदार आहे ना? मग सत्कार्याच्या नावाने वस्तू घेताना न विचारता का घ्यावी? चार प्रश्न ध्यानात ठेवा. किमतीतला नेमका किती पैसा कार्याला जातो? तो कोणत्या संस्थेला जातो आणि ती त्याचे काय करते? देणगीला काही मर्यादा घातली आहे का? आणि ह्या वस्तूची मला गरज होती का, की तेवढे पैसे सरळ संस्थेला देऊन पावती घेतलेली बरी? दुकानदाराला उत्तर देता आले नाही तर वस्तू खाली ठेवावी. त्यात संकोच कसला?

माझ्या मते मात्र ह्या कार्यासाठीची पहिली खरेदी दुकानात होत नाही. ती घरच्या यादीत होते. ईद जवळ आली की आपण यादी करतो. मुलांचे कपडे, सासूबाईंची साडी, शेवया, सुका मेवा. यंदा त्या यादीच्या पहिल्या ओळीवर लिहा : "आईची तपासणी." त्याच्यापुढे बसभाडे लिहा, एका दिवसाचा वेळ लिहा, आणि बरोबर कोण जाणार त्याचे नाव लिहा. ते काम झाल्याशिवाय दुसऱ्या ओळीकडे जाऊ नका. बंधूंनो, ही ओळ तुमच्या हस्ताक्षरात असू द्या. बायकोने स्वतःसाठी पैसे मागायची वेळ येऊ देऊ नका. परदेशी नोकरीला असणाऱ्यांनी फोनवर पैसे पोहोचले का हे विचारताना, तपासणी झाली का हेही विचारावे.

संस्थेलाही माझी एक विनंती आहे. आपल्या वार्षिक आनंदमेळाव्यात मुलांच्या हस्तकलेचे दुकान असते. यंदा त्याची विक्री एका तपासणी निधीला द्यावी. ज्या मातांना तालुक्याला किंवा मुंबईला जाण्याचा खर्च परवडत नाही, त्यांना त्यातून भाडे मिळावे. किती जमले, किती खर्च झाले हे दर महिन्याला फलकावर लावावे. रक्कम लिहावी, पण कोणत्याही बाईचे नाव लिहू नये. वर्षातून एकदा आरोग्य केंद्राच्या परिचारिकेला बोलावून शाळेच्या एखाद्या वर्गात पडदे लावून मातांची तपासणी करावी. आपल्याच शाळेच्या आवारात जायला कोणत्या आईला संकोच वाटेल? माझ्याकडून होईल ती मदत मी करीन, हे सर्वांसमक्ष सांगते.

शेवटी विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुमच्याशी दोन शब्द. मी तुमच्याएवढी होते तेव्हा खालाच्या पिशव्या धरून तिच्या मागे चालत होते. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला होता. दमली असेल, असे समजून गप्प राहिले. आज तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. औषधाची चिठ्ठी तुम्ही वाचू शकता, दवाखान्यातला फॉर्म भरू शकता, तपासणीचे कागद एका फाईलीत नीट ठेवू शकता. बाजारात आईबरोबर जरूर जा, पिशव्याही धरा. पण वाटेत दवाखाना लागला की क्षणभर थांबा आणि तिला विचारा. ती "काही नाही रे" म्हणेल. तिला एकदा तरी ती पायरी चढायला लावा. परत येताना पिशवी थोडी हलकी असली तरी चालेल.